दिवसाची झोप, तीन काचांआड

जयमालाला झोप बोटांच्या पेरांवर मोजायची सवय लागली होती. रात्रपाळी संपवून सकाळी नऊला घरी यायचं, आंघोळ, चहा, भाकरीचे दोन घास, आणि दहाच्या सुमाराला आडवं व्हायचं. संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात निघाली की रिक्षात तिचा अंगठा आपोआप पेरांवर फिरू लागे. दहा ते पावणेअकरा, हा एक तुकडा. साडेअकरा ते सव्वाबारा, हा दुसरा. जेवल्यावर अर्धा तास डोळा लागला, तो तिसरा. सगळे मिळून दोन तास. बरा दिवस असला तर अडीच. माणगावचा स्टँड येईपर्यंत बेरीज झालेली असे, आणि पुढचे बारा तास त्या बेरजेवर काढायचे असत.

घर माणगावच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. लागून म्हणजे आता लागून. सासऱ्यांनी, कृष्णाजींनी, जांभ्या दगडाचं हे कौलारू घर बांधलं तेव्हा घराला अंगण होतं, अंगणात फणस होता, फणसापलीकडे कुंपण आणि मग कुठे रस्ता. रस्ता रुंद होत गेला तसं आधी कुंपण गेलं, मग फणस, मग अंगण. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर ट्रकच्या टायरला लागेल, असं पलीकडची नीराबाई म्हणायची. अगदी तसं नव्हे, पण बारा पावलं. जयमालाने मोजली होती.

त्यात घरासमोरच रस्त्यावर आडव्या जाड पांढऱ्या पट्ट्या. चाक त्यांवरून गेलं की धडधडधड, आणि मागोमाग ब्रेकचा फुस्कारा. या पट्ट्यांबद्दल कुणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती. शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, गाड्या दम खात नाहीत, म्हणून पट्ट्या मारा, असा अर्ज करून गावभर सह्या गोळा केल्या होत्या त्या तिच्याच नवऱ्याने. पहिली सही जयमालाची होती.

रत्नपालला स्वतःला आवाजाचं काही वाटत नसे. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. डेपोत, गाडीच्या मागच्या सीटवर, इंजिन चालू असताना झोपलेला माणूस. उलट निवृत्त झाल्यापासून गाड्या ऐकणं हा त्याचा विरंगुळाच झाला होता. जयमाला खाटेवर पडलेली आणि हा दारात खुर्ची टाकून बसलेला.

"हा दहाचाकी, भरलेला. आणि हा बघ, रिकामा ट्रेलर. साखळ्या कशा आपटतायत, ऐक."

"अहो, ऐकायचं नाही म्हणून तर डोळे मिटून पडलेय."

"डोळे मिटून काय होणार? कान मिट."

"तुम्ही दाखवा आधी मिटून."

तिने बरेच उपाय करून बघितले होते. कानात कापूस घातला, तर स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू यायला लागले. स्वयंपाकघरात चटई टाकली, तर रत्नपालच्या फोडणीने ठसका. रात्रपाळी सोडून दे, असं तो दर चार दिवसांनी म्हणे. पण रात्रपाळी तिने स्वतः मागून घेतलेली होती.

वॉर्डात प्रणाली म्हणून नवी नर्स होती. माहेर मुरुडला, माणगावात भाड्याची एक खोली, नवरा बोटीवर, आणि मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. ती कामावर परतली तेव्हा रोस्टरवर तिच्या रात्री लागल्या. डोळे भरून आले तरी तक्रार करणारी नव्हे ती. जयमालाच म्हणाली, "तुझ्या रात्री मला दे. पोर वर्षाची होईपर्यंत." तिचा प्रथमेश तान्हा असताना एका वयस्क सिस्टरने जयमालाच्या रात्री अशाच उचलल्या होत्या. तिला काही परत करायचं राहूनच गेलं, ती सिस्टर कधीच गेली. तेव्हा हे असं. जयमालाच्या निवृत्तीला चौदा महिने होते. प्रणालीची मुलगी वर्षाची व्हायला चार. चार महिने काय, असे जातील, असं वाटलं होतं.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ. साडेसहा वाजलेले, पाळी संपत आलेली. तापाने फणफणलेल्या एका पोराला इंजेक्शन द्यायचं होतं. जयमालाने औषध सिरिंजमध्ये ओढलं, कॉटपाशी गेली, पोराचा दंड पुसला. इतक्या वर्षांची एक सवय, टोचण्याआधी रिकामी कुपी पुन्हा डोळ्यांसमोर धरायची. धरली. कुपी शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याच्या औषधाची होती. काही झालं नाही. तिने सिरिंज टाकून दिली, दुसरी भरली. पोराच्या आईला कळलंही नाही. ती म्हणाली, "सिस्टर, तुमचा हात लई हलका."

ही गोष्ट जयमालाने कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशी घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि एका ट्रेलरने पट्ट्यांवरून धडधडाट केला तेव्हा उठून बसत रत्नपालला एवढंच म्हणाली, "मला ही खिडकी बदलून पाहिजे."

खिडकी सासऱ्यांच्या वेळची. सागवानी दारं, लोखंडी गज. पावसाळ्यात दारं फुगत, उन्हाळ्यात आटत, आणि कुठल्याच ऋतूत धड मिटत नसत. त्या गजांतूनच नीराबाईचा सगळा व्यवहार चाले. रस्ता ओलांडून यायचं, बाहेर उभं राहायचं, गजांतून अळूची जुडी नाहीतर चार वांगी आत सारायची, आणि तासभर बोलायचं.

फोनवर प्रथमेशला सांगितलं. तो खारघरला कंपनीत, अकराव्या मजल्यावर राहणारा. "मम्मी, हल्ली तीन काचांच्या खिडक्या येतात. दोनवाल्या घेऊ नकोस. आयुष्यात एकदा करतोय, तर टॉपचं करू. मी देतोय ना." रत्नपालचं मत होतं की काच ती काच, एक काय नि तीन काय. पण अलिबागला सुजित नावाचा मुलगा बंगलेवाल्यांच्या खिडक्या करतो असं त्यानेच कुठून तरी शोधून काढलं, आणि जयमालाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं एसटीने अलिबागला गेली. गाडीत तरी डोळा लागेल, असं जयमालाला वाटलं होतं. पण शेजारी रत्नपाल. "बघ, बघ, क्लचवर पाय ठेवूनच चालवतोय. गाडीची वाट लावणार हा." पेणपर्यंत तो ड्रायव्हर त्याच्या पसंतीला उतरला नाही.

सुजितच्या दुकानात मागच्या बाजूला दोन छोट्या खोल्या होत्या, टेलिफोन बूथ असायचे तशा. एकीचं दार दोन काचांचं, दुसरीचं तीन काचांचं. बाहेर स्पीकरवर ट्रकचे हॉर्न लावायचे, गिऱ्हाइकाला आत खुर्चीत बसवायचं. मुलगा बोलायला सरळ होता.

"काका, मॅडम, खरं सांगू? तीन काचा म्हणजे बर्फ पडतो तिकडचं काम. घरातली ऊब घरात ठेवायला. तुम्हाला आवाज अडवायचाय. त्याला काचा किती ते एवढं महत्त्वाचं नाही. दोन पुरतात, पण एक जाड आणि एक पातळ पाहिजे, मधली पोकळी चांगली रुंद पाहिजे, आणि चौकट भिंतीला घट्ट बसली पाहिजे. बोटभर फट राहिली ना, की सगळं पाण्यात. आवाज फटीतून येतो."

"फट राहता कामा नये," रत्नपाल म्हणाला.

"फटच नको," जयमालाही म्हणाली.

"शिवाय तिसऱ्या काचेने वजन वाढतं. बिजागऱ्या पुढेमागे कुरकुरतात. बसून तर बघा."

सुजितने तिला आधी तीन काचांच्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि ट्रक चालू केले. काचेपलीकडे रत्नपाल हातवारे करून काहीतरी विचारत होता. त्याचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा जयमालाच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलं. तिने पर्स मांडीवर घेतली, डोकं मागे टेकलं. तिला आठवतं ते एवढंच.

जाग आली तेव्हा पंख्याचं पातं तिच्याकडे बघत होतं. दार उघडून सुजित उभा, मागे रत्नपालच्या हातात चहाचा दुसरा कप.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास," सुजित म्हणाला. "दोन गिऱ्हाइकं बघून गेली तुम्हाला. एकाने लगेच ऑर्डर दिली."

"घोरत होतीस," रत्नपाल म्हणाला. "म्हणजे असावीस. बाहेर काय ऐकू येणार?"

"मला हीच पाहिजे," जयमाला म्हणाली. "तीनवाली."

"मॅडम, तुम्ही दोनवालीत बसला असता तरी झोपलाच असता. एकदा बसून तर बघा तिकडे."

पण तिला दुसऱ्या खोलीत बसायचंच नव्हतं. तहानेल्या माणसाला एका विहिरीवर पाणी मिळालं की त्याने दुसऱ्या विहिरीची चौकशी कशाला करावी? तीन काचा ठरल्या.

सुजित स्वतः माप घ्यायला आला. चौकटीचं माप चार ठिकाणी घेतलं, जांभ्याच्या भिंतीवर टिचकी मारून बघितली, वजन पेलेल म्हणाला. वर नजर टाकली त्याने, नाही असं नाही. वर पांढऱ्या कापडाचं छत होतं. कौलांतून माती, पालींची घाण, वाळवीचा भुसा पडतो म्हणून आमच्याकडे कौलारू घरांत असं कापड ताणतात. जयमालाने आपल्या जुन्या नोकरीतल्या, साडीच्या गणवेशाच्या काळातल्या, आठ पांढऱ्या साड्या नीराबाईकडून एकमेकींना जोडून घेतल्या होत्या, आणि रत्नपालने त्या खिळ्यांवर ताणून बसवल्या होत्या. सुजित बंगल्यांतला. कापडाच्या वर फळ्या असतील, असं तो धरून चालला. आणि घरातल्या दोघांना सांगायचं सुचलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खिडकी बसली. नीराबाई रस्त्यापलीकडून बघत होती. जुनी सागवानी दारं आणि गज काढून ओसरीत ठेवले तेव्हा तिने तोंड वेडंवाकडं केलं. नवी खिडकी गुळगुळीत, पांढऱ्या चौकटीची, दवाखान्यातल्यासारखी. मिटली की खटका पडे आणि काचेतून जाणारे ट्रक चित्रातले वाटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमाला पाळीवरून आली, आंघोळ केली, खिडकी मिटली, पंखा लावला आणि पडली. उकडत होतं, ते चालणार होतं.

धडधडधड.

ती उठली. खटका नीट पडला आहे का बघितलं. पडला होता. पुन्हा पडली. आवाज आधीपेक्षा कमी होता हे खरं, पण होता, आणि कुठून येतोय ते कळत नव्हतं. खिडकीतून नव्हता. डोक्याच्या मागे, वर, सगळीकडे. हॉर्न वाजला की जणू कपाळावरच पडे.

रत्नपालने संध्याकाळी विचारलं, "लागली झोप?"

"लागली की."

पोराने हौसेने केलेलं. नवऱ्याने एसटीच्या धक्क्यांत अलिबाग गाठलेलं. तिने स्वतः हट्टाने तिसरी काच घेतलेली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? तीन दिवस ती असंच म्हणाली, आणि तीन दिवस तिच्या मनात एकच भीती वाढत गेली. काचा तर तीन आहेत. भिंत दीड हात जाडीची. मग आवाज बाहेर नाहीच, तो आता आपल्या डोक्यात राहायला आलाय. सत्तावन्न वय. कान वाजणारी माणसं तिने पाहिली होती. हॉर्न ऐकणारे कान आणि कुपी चुकणारे हात, असं घेऊन आणखी वर्षभर वॉर्डात उभं राहायचं? चौथ्या रात्री तिने प्रत्येक औषध दोनदा मोठ्याने वाचून मग दिलं. पेशंट म्हणाले, सिस्टर आज मंत्र म्हणतायत काय?

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला ती उशीवर डोकं ठेवून उघड्या डोळ्यांनी पडली होती. खिडकीवर सावली आली. नीराबाई. कपाळाला हात लावून काचेतून आत बघत होती, हातात शेवग्याच्या शेंगा. गज शोधायला तिने हात पुढे केला, काचेला लागून मागे घेतला. मग बोलायला लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते.

आणि आवाज आला वरून.

"अगो जयमाला! मेलीस का काय गो आत? दार तरी उघड!"

जयमालाने खिडकीकडे बघितलं, मग वर बघितलं. समोर ओठ हलले, आणि पुन्हा आवाज छतातून पडला: "शेंगा आनल्यात! घेतेस का नेऊ परत?" आणि तेवढ्यात ट्रक गेला, त्याबरोबर ते पांढऱ्या साड्यांचं छत एका टोकाला हलकेच फुगलं नि खाली बसलं.

ती खाटेवर उभी राहिली. कोपऱ्यातल्या एका खिळ्यावरून साडीचं टोक सोडवलं आणि आत हात घातला. भिंत संपत होती ती तिथे. वासे पुढे वळचणीपर्यंत गेलेले, आणि भिंतीचा माथा नि कौलं यांच्यामध्ये मोकळी जागा. दीड वीत उंच, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यातून रस्ता दिसत होता. गेली एकोणतीस वर्षं, दर एप्रिलला, जयंतीच्या आधी घर साफ करताना ती याच जागेतून केरसुणी फिरवून जळमटं काढत आली होती. घरात हवा खेळावी म्हणून सासऱ्यांनी सोडलेली जागा. गावातल्या प्रत्येक कौलारू घराला असते ती. तिला कुणी फट म्हणतच नाही.

दार उघडून तिने नीराबाईला आत घेतलं, वर बोट दाखवलं. नीराबाईने मान वर केली, बराच वेळ बघितलं.

"खिडकीला तीन काचा लावल्यास," ती सावकाश म्हणाली, "आन् हितं तर आख्खा हायवे आत हाय."

जयमाला हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. ते थांबेचना.

"अगो, रडतेस काय? येवढं काय झालंय?"

"काही नाही. मला वाटलं, माझ्या डोक्यातच आवाज यायला लागलाय."

"डोक्यात न्हाय. कौलात हाय."

हे बोलणं ऐकून रत्नपाल ओसरीतून आत आला. मग त्या दोघांसमोरच, नीराबाईच्या हातात शेंगा तशाच असताना, जयमालाने जानेवारीतली ती सकाळ सांगितली. कुपी, पोराचा दंड, त्याची आई. सांगायला दोन मिनिटं पुरली. रत्नपाल खिडकीच्या काचेवरचे बोटांचे ठसे बघत उभा होता.

"तीन दिवस विचारतोय, झोप लागली का," तो म्हणाला. "लागली की, म्हणत होतीस."

"काय सांगणार होते?"

"हेच. दुसरं काय?" तो वळला. "शिडी कुठाय?"

सुजितला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ते कापड वर करून बघायला पाहिजे होतं मी. चुकलंच." पावसाच्या आत लाकडी फळ्यांचं छत नि वर आवाज शोषणारा थर बसवून देतो, मजुरी नको, असं तो म्हणाला. पण त्याला तीन आठवडे लागणार होते. आणि जयमालाला आजची झोप पाहिजे होती.

उपाय नीराबाईने काढला. ती घरी गेली आणि मुलाच्या डोक्यावर गाठोडं देऊन परत आली. गोधड्या. तिच्या हातच्या, जाड, जुन्या लुगड्यांच्या पाच-पाच सहा-सहा पदरी, माणूस अंगावर घेईल तर घुसमटेल अशा. सुनेला जड होतात म्हणून पेटीत पडून होत्या. रत्नपाल शिडीवर, नीराबाई खालून घड्या करून देणारी. एकेक गोधडी गुंडाळून भिंतीच्या माथ्यावर वाशांमध्ये ठासायची.

"घट्ट बसव, ड्रायव्हर. गाडीत पाशिंजर भरत होतास तसं."

"उभे पाशिंजर घेत नव्हतो मी."

"न्हाय कसा? मानगावच्या बाजाराला एका पायावर आनलंयस मला."

अकरा गोधड्या लागल्या. दोन कमी पडल्या, तिथे जुनी गादी फाडून तिचा कापूस पोत्यात भरला. वरून साड्यांचं छत पुन्हा ताणलं. खोली भट्टीसारखी झाली होती. जयमालाने ओला पंचा मानेवर घेतला आणि पडली. पट्ट्यांवरून ट्रक गेला. धडधड होती, पण कुणीतरी दोन घरं सोडून पाटा-वरवंटा फिरवत असल्यासारखी. तिला वाटलं, आता पुढचा हॉर्न कधी येतो बघू.

पुढचा हॉर्न तिला माहीत नाही.

ती उठली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली आलेलं. अंग घामाने भिजलेलं, तोंड कोरडं. काचेपलीकडे बाहेरच्या कट्ट्यावर शेवग्याच्या शेंगा ठेवलेल्या होत्या. हात लांब करून घ्याव्यात तर मध्ये तीन काचा. ती दाराने वळसा घालून गेली. ओसरीत सागवानी दारांना टेकून रत्नपाल खुर्चीत बसला होता, तारवटलेले डोळे चोळत.

"तुम्ही नाही पडलात?"

"पडलो होतो. आत काही ऐकूच येईना. झोप कशी लागणार? इथे येऊन बसलो."

थकवा गेला नव्हता. सांध्यांत होता, डोळ्यांच्या मागे होता, एका दुपारी जाणारा नव्हताच तो. पण संध्याकाळी रिक्षात बसल्यावर तिचा अंगठा सवयीने पहिल्या पेरावर गेला. साडेबारा ते साडेचार. मग दुसऱ्या पेरावर सरकला आणि तिथे मोजायला काही नव्हतं. ती स्टँड येईपर्यंत अंगठा तसाच धरून बसली.